शुद्धीवर कोण होतं?

आधीच सांगून टाकते, मी दारूची बाजू घ्यायला बसलेली नाही. ज्या घरात जन्मले आणि ज्या घरात सून म्हणून आले, त्या दोन्ही घरांत मद्य, मांस, मधाला उंबऱ्याच्या आत जागा नाही. लहानपणी पाठशाळेत सप्तव्यसनं बोटांवर मोजून पाठ करून घेतली होती, ती अजून विसरलेली नाही. तेव्हा "या बाई मुलींना प्यायची मोकळीक द्या म्हणताहेत की काय" अशी शंका कुणाला येत असेल तर त्यांनी ती इथेच सोडून पुढे वाचावं. माझं म्हणणं वेगळं आहे. ज्या गोष्टीला आपण एवढं वाईट म्हणतो, तीच गोष्ट एखाद्या पुरुषाला सोडवायला आणि एखाद्या मुलीला बुडवायला आपण किती सहज वापरतो, याचा मला राग येतो. आणि हा राग आता लिहून काढल्याशिवाय जायचा नाही.

गोष्ट अमेरिकेतली सांगते, पण ती परकी नाही. आमच्या बेळगाव, निपाणी, चिकोडीकडची पोरं-पोरी एमएस करायला तिकडे जातात, हे आता इतकं सरावाचं झालंय की सामानाच्या वजनात चिवड्याचे किती डबे बसतात याचा हिशेब गल्लीतल्या बायकांना तोंडपाठ असतो. डब्यांबरोबर सूचनाही भरून दिल्या जातात. मुलीला दहा, मुलाला दोन. मुलाच्या दोन म्हणजे, "अभ्यास कर" आणि "फोन करत जा."

१७ जानेवारी २०१५च्या रात्री कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात, विद्यार्थ्यांच्या एका मंडळाच्या घरात पार्टी होती. बावीस वर्षांची एक मुलगी आपल्या धाकट्या बहिणीबरोबर तिथे गेली. ही त्या विद्यापीठाची नव्हे. शिक्षण संपवून नोकरीला लागलेली, आईवडिलांकडे राहणारी. ती प्याली, आणि खूप प्याली. मध्यरात्र उलटल्यावर सायकलवरून चाललेल्या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांना कचऱ्याच्या मोठ्या पेटीमागे जमिनीवर ती निपचित पडलेली दिसली, आणि तिच्या अंगावर एक मुलगा. मुलगी हलत नाही हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी हटकलं तसा तो पळाला. त्यांनी पाठलाग करून त्याला पाडलं आणि पोलीस येईपर्यंत धरून ठेवलं. मुलगी शुद्धीवर आली ती काही तासांनी, रुग्णालयात. आपल्याला काय झालं होतं याचा तपशील तिने नंतर कामावर बसलेली असताना बातमीत वाचला.

मुलाचं नाव ब्रॉक टर्नर. स्टॅनफर्डच्या पहिल्या वर्षाला, पट्टीचा पोहणारा. बातम्यांत त्याच्या पोहण्याच्या वेळासुद्धा छापून आल्या. तोही प्याला होता. तिच्या रक्तातलं प्रमाण गाडी चालवण्याच्या मर्यादेच्या तिप्पट, त्याचं दुप्पट. म्हणजे दारू दोघांच्याही पोटात होती. इथून पुढे या दारूचं काय होतं ते बघा.

कोर्टात तिला विचारलं गेलं, वजन किती, त्या दिवशी जेवणात काय होतं, स्वयंपाक कुणी केला, कॉलेजात असताना किती प्यायचीस, याआधी कधी पिऊन काही आठवेनासं झालं होतं का. एकेक घोट मोजला गेला. त्याच्या वकिलाचा सगळा भर हा की हिला काही आठवतच नाही, मग हिने होकार दिला नव्हता कशावरून? जिला शुद्धच नव्हती तिच्या विसरण्यातून होकार काढायचा, असली ही युक्ती. तरी बारा ज्यूरींनी मार्च २०१६मध्ये त्याला तिन्ही गुन्ह्यांत दोषी ठरवलं. सरकारी वकिलांनी सहा वर्षांची कैद मागितली होती. २ जून २०१६ला न्यायाधीशांनी सहा महिने दिले, आणि तेही तिकडच्या नियमाप्रमाणे निम्मे होऊन तीन महिन्यांत तो बाहेर आला. शिक्षा कमी करताना जी कारणं पुढे आली त्यात एक हे होतं, की तो नशेत होता, म्हणून शुद्धीवर असलेल्या माणसापेक्षा त्याचा नैतिक दोष कमी.

पुन्हा एकदा वाचा. ती नशेत होती म्हणून तिच्यावर संशय जास्त. तो नशेत होता म्हणून त्याचा दोष कमी. रात्र तीच, पार्टी तीच. कुठल्या वाण्याकडे असली दोन मापं सापडली असती तर आपण दुकान बंद पाडलं असतं की नाही?

आणि मला सगळ्यांत जास्त खटकलेली गोष्ट अजून पुढेच आहे. शिक्षा व्हायच्या आधी या टर्नरने कोर्टाला लिहून दिलं की आपल्याला कॉलेजांतल्या पिण्याच्या संस्कृतीविरुद्ध आणि त्याबरोबर येणाऱ्या स्वैरपणाविरुद्ध मुलांपुढे बोलायचं आहे. म्हणजे हा व्यसनमुक्तीचा प्रचारक होणार! बलात्काराच्या प्रयत्नाबद्दल दोषी ठरलेल्या माणसाने दारूबंदीचं व्याख्यान द्यायचं. त्याच्या बापाने लिहिलेल्या पत्राचाही सूर असाच होता: वीसेक वर्षांच्या आयुष्यातल्या वीस मिनिटांसाठी पोराने केवढी मोठी किंमत मोजायची! दारू हा या घराण्याला केवढा आधार, बघा. एका नातलगावर सगळं ढकलून मोकळं व्हावं तसं दारूवर ढकललं.

त्या मुलीने कोर्टात वाचलेलं निवेदन दुसऱ्या दिवशी प्रसिद्ध झालं आणि जगभर लाखो लोकांनी वाचलं. तेव्हा तिचं नाव गुप्त होतं. २०१९मध्ये तिने स्वतःहून ते जाहीर केलं, शनेल मिलर, आणि 'नो माय नेम' हे पुस्तक लिहिलं. म्हणून मी नाव घेतेय. त्या निवेदनात तिने या दारूच्या सबबीला जे उत्तर दिलं ते मी माझ्या शब्दांत सांगते: प्यायले तर दोघंही होते, पण दुसऱ्याचे कपडे काढून त्याला तसंच टाकून पळालं ते एकानेच. जास्त पिणं ही चूक असेल, पण चूक आणि गुन्हा यांची बेरीज करता येत नाही. आणि एक तपशील, जो मला घरकाम करताना मध्येच आठवतो. त्यानंतर झोप यावी म्हणून तिने दोन सायकलींचं चित्र काढून पलंगाच्या वर चिकटवलं होतं.

आता मला सांगा, ते दोघे सायकलवाले कसे ओळखू शकले? रात्री एक वाजता, अंधारात, लांबून, परक्या देशात. हलत नाही म्हणजे शुद्धीत नाही, शुद्धीत नाही म्हणजे होकार नाही, हे त्यांना काही सेकंदांत कळलं. आणि जो तिच्या अंगाला अंग लावून होता त्याला ते कळलं नाही म्हणे. बरं, कळत नव्हतं तर पळाला का? ज्याला पळावं हे सुचतं त्याला काय सुचत नव्हतं, ते एकदा कुणीतरी मला समजावून सांगावं.

पुढे बरंच झालं. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने कायदा बदलला. बेशुद्ध किंवा नशेत असलेल्या माणसावर अत्याचार केला तर नुसत्या देखरेखीवर सोडता येणार नाही, तुरुंगवास द्यावाच लागेल. २०१८मध्ये मतदारांनी त्या न्यायाधीशाला मतदान करून पदावरून खाली उतरवलं. विद्यापीठाने काय केलं? ऑगस्ट २०१६मध्ये कनिष्ठ वर्गातल्या विद्यार्थ्यांच्या पार्ट्यांत कडक दारूला बंदी घातली, खोलीत मोठी बाटली ठेवायची नाही असा नियम केला. बाटली ७५० मिलिलिटर किंवा मोठी नको, त्याहून लहान चालेल. त्याच सुमाराला बायकांच्या शरीरावर दारूचा कसा परिणाम होतो, यावर त्यांच्या संकेतस्थळावर एक पान होतं. लोकांनी आरडाओरडा केल्यावर ते काढून टाकलं. पुरुषाने प्यायल्यावर बाई त्याला कशी दिसते, तिच्या हसण्याचा तो काय अर्थ लावतो, असं पान कुणी केलं होतं का, असं तेव्हा पुष्कळांनी विचारलं. प्रश्न अगदी रास्त.

यावर आमच्या मंडळातल्या एक वयाने मोठ्या बाई, ज्यांना मी अक्का म्हणते आणि ज्यांच्याबद्दल मला आदर आहे, त्या मला म्हणाल्या, "पण ती प्यालीच नसती तर?" मी म्हटलं, "अक्का, तर त्याने त्या रात्री दुसरी बघितली असती." त्या गप्प बसल्या. पण मला माहीत आहे, पटलं नव्हतं. म्हणून जरा विस्ताराने सांगते.

कॅनडातल्या टोरांटो शहरात संशोधक बारमध्ये जाऊन बसले आणि तिथे जबरदस्तीचे, अंगलट येण्याचे जे प्रकार घडले ते त्यांनी नोंदवले. त्यांचा निष्कर्ष २०१४मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेक प्रकारांत पुढाकार पुरुषाचा आणि लक्ष्य बाई, यात नवल नाही. नवल पुढे आहे. पुरुषाचं वागणं किती आक्रमक होतं याचा संबंध तो स्वतः किती प्यालाय याच्याशी लागला नाही. समोरची बाई किती प्यालीय, याच्याशी लागला. म्हणजे डोकं चढलेला मनुष्य भान हरपून काहीतरी करून बसतो, हे जे आपण धरून चालतो, त्याच्या नेमकं उलट. हा भान ठेवून, बघून, निवडून येतो. शुद्धीवर कोण होतं, असा प्रश्न विचारायचाच असेल तर तो असा विचारावा.

म्हणून "घराला कुलूप लावायला नको का?" हा जो दाखला आमच्याकडे प्रत्येक व्याख्यानात दिला जातो, तो मला पुरा झाला आता. ठीक आहे, कुलूप लावूया. पण कुलूप लावायला विसरलेल्या घरात चोरी झाली म्हणून चोराची शिक्षा कमी केल्याचं कुणी ऐकलंय? पोलीस पंचनामा करतात तेव्हा घरमालकिणीला "गेल्या वर्षी किती वेळा कुलूप विसरला होता" असं विचारतात का? आणि तिसरं, सगळ्यांत महत्त्वाचं. हा चोर बाहेरचा नसतो. वर्गातला असतो, मित्राचा मित्र असतो, नोट्स देणारा असतो. त्याला आपणच दार उघडलेलं असतं, चहा दिलेला असतो. कुलपाचा दाखला इथे लागूच होत नाही.

आता दुसऱ्या बाजूच्या लोकांशीही माझं भांडण आहे. ते म्हणतात, दारूचा विषयच काढू नका. काढला की मुलीला दोष दिल्यासारखं होतं. २०१३मध्ये एमिली यॉफी नावाच्या अमेरिकन लेखिकेने, कॉलेजातल्या मुलींनी बेसुमार पिणं थांबवावं असं लिहिलं तेव्हा तिच्यावर केवढा गहजब झाला. तिच्या लेखाचा तोल मलाही पटत नाही. मुलांना सांगायचं ते शेवटी चिमूटभर. पण माहिती लपवून कुणाचं भलं होतं? तिकडच्या अभ्यासकांचा अंदाज असा की कॉलेजमधल्या लैंगिक अत्याचाराच्या सुमारे निम्म्या घटनांत करणारा, सोसणारी किंवा दोघंही प्यालेले असतात. २०१९मध्ये अमेरिकेतल्या ३३ विद्यापीठांत मोठी पाहणी झाली. त्यात पदवीपूर्व वर्गातल्या मुलींपैकी चौथा हिस्सा, २५.९ टक्के, असं म्हणाला की प्रवेश घेतल्यापासून आपल्यावर बळजबरीने किंवा शुद्ध नसताना नको तो स्पर्श किंवा त्याहून पुढचं झालं. आता यात 'शुद्ध नसताना' हे शब्द आहेत ते उगीच नाहीत. ते मुलींना माहीत असायला हवं. मात्र माहिती देणं वेगळं आणि आरोपपत्र आगाऊ लिहून ठेवणं वेगळं. आमच्याकडे सांगतात ते दुसऱ्या प्रकारचं. "आम्ही सांगितलं होतं" असं नंतर म्हणता यावं म्हणून सांगतात.

धड शिकवता येतं का? येतं. कॅनडातच शार्लिन सेन या प्राध्यापिकेने पहिल्या वर्षाच्या मुलींसाठी बारा तासांचा एक वर्ग तयार केला. तीन विद्यापीठांतल्या ८९३ मुलींवर तो तपासून पाहिला; निम्म्यांना वर्ग, निम्म्यांना नेहमीची माहितीपत्रकं. २०१५मध्ये निकाल आला. वर्षभरात बलात्कार झालेल्या मुलींचं प्रमाण पत्रकवाल्या गटात ९.८ टक्के, वर्गवाल्या गटात ५.२. जवळजवळ निम्मं. त्या वर्गात काय शिकवतात? रस्त्यावरच्या अनोळखी गुंडाची भीती घालत नाहीत. ओळखीचा माणूस जेव्हा जवळ सरकू लागतो, एकटं पाडू लागतो, पेला भरत राहतो, तेव्हा ते ओळखायचं कसं. ओळखल्यावर "त्याला वाईट वाटेल" ही भीड मोडायची कशी. ओरडायचं, ढकलायचं, मारायचं कसं. आणि आपल्याला स्वतःला काय हवंय नि काय नको, हे आधी मनाशी ठरवायचं कसं. दोष करणाऱ्याचाच, हे पहिल्या तासापासून. तिथे दारू हा त्याच्या हातातलं हत्यार म्हणून शिकवला जाणारा विषय आहे, मुलीच्या चारित्र्याचा दाखला म्हणून नाही.

यातला भीड मोडण्याचा भाग वाचताना मी थांबले होते. आमच्याकडे मुलीला पहिल्यापासून शिकवलं जातं ते भीड धरायचं. पाहुण्यांपुढे गप्प, सासरी गप्प, बसमध्ये कुणी रेटून उभा राहिला तर आपणच सरकायचं. त्याच मुलीकडून एका रात्री एकदम ठणकावून 'नाही' म्हणायची अपेक्षा आपण कशाच्या जोरावर करतो?

बरं, ही सगळी तिकडची प्रकरणं म्हणून सोडून द्यावीत, तर आपल्याकडे काय वेगळं चाललंय? कायदा आपला चांगला आहे, हे अभिमानाने सांगते. भारतीय न्याय संहितेच्या ६३व्या कलमात, आणि त्याआधी जुन्या दंडसंहितेच्या ३७५व्या कलमातही, स्पष्ट आहे की नशेमुळे आपण कशाला हो म्हणतोय हे ज्या बाईला समजत नाही, तिची संमती ही संमतीच नाही. ती दारू तिला कुणी पाजली की ती आपण होऊन प्याली, याने फरक पडत नाही. प्रतिकार केला नाही एवढ्यावरून होकार धरता येत नाही, हेही २०१३पासून लिहिलेलं आहे. आणि २४वं कलम सांगतं, स्वतःच्या मर्जीने प्यालेला माणूस शुद्धीवर असता तर त्याला जेवढं कळलं असतं, तेवढं त्याला कळत होतं असंच धरलं जाईल. म्हणजे स्टॅनफर्डच्या पोराला जी सवलत मिळाली, ती आपल्या कायद्यात बसत नाही.

पण कायदा पुस्तकात असतो आणि जीभ माणसाच्या तोंडात. जून २०२०मध्ये आमच्याच कर्नाटकच्या उच्च न्यायालयाने एका प्रकरणात अटकपूर्व जामीन देताना, ती बाई रात्री अकराला ऑफिसात का गेली, आरोपीबरोबर पिण्याला तिने हरकत का घेतली नाही, असे प्रश्न काढले. आणि अत्याचारानंतर थकून झोप लागली हे तिचं म्हणणं भारतीय स्त्रीला शोभत नाही, असंही लिहिलं. ते शेवटचं वाक्य ओरड झाल्यावर आदेशातून वगळलं गेलं. मार्च २०२५मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने एमए करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या प्रकरणात आरोपीला जामीन दिला. मुलगी मैत्रिणींबरोबर दिल्लीतल्या एका बारमध्ये गेली होती, प्याली होती, एकटी घरी जाण्याच्या अवस्थेत नव्हती. आदेशात म्हटलं गेलं, तिचे आरोप खरे धरले तरी संकट तिनेच ओढवून घेतलं आणि त्याला तीही जबाबदार आहे. एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावर नापसंती दाखवली: जामीन द्यायचा तर द्या, पण हे असलं बोलायचं कशाला? माझंही तेच म्हणणं. जामीन हा न्यायालयाचा अधिकार, मी त्यात पडत नाही. पण आरोप खरे धरूनसुद्धा तीच जबाबदार? म्हणजे गुन्हा झालाय हे मान्य, आणि तरी?

त्याच वर्षी मे महिन्यात सांगलीत वैद्यकीय शाखेच्या एका विद्यार्थिनीने तक्रार दिली की तिच्या पेयात काहीतरी मिसळून तिच्यावर सामूहिक अत्याचार झाला. अटक झालेल्यांत तिच्या वर्गातली मुलं होती. खटल्याचं काय व्हायचं ते होईल. पण बातमी आली त्या आठवड्यात भाजी घेताना, देवळाच्या पायरीवर, मी एकच वाक्य ऐकलं: "गेली कशाला मुलांबरोबर?" तिच्याबरोबर शिकणारी मुलं ती. उद्या तिच्याबरोबर ऑपरेशन थिएटरात उभी राहायची होती. "मिसळलं कशाला" असं एकाही तोंडातून आलं नाही की ओ!

आणि इथे मला आमच्या समाजाशी दोन शब्द बोलायचे आहेत. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची जी व्याख्या आहे ती प्रमादाला धरून आहे. बेसावधपणा, बेफिकिरी, मनाला मोकाट सोडणं, इथून हिंसा सुरू होते. पाठशाळेत हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. यात प्रमाद हे हिंसेचं मूळ आहे, हिंसेची सबब नाही. प्यायल्यामुळे भान गेलं म्हणणाऱ्याला आपल्या शास्त्राप्रमाणे दोष कमी नाही लागत, तिथूनच लागायला सुरुवात होते. मग "पोरगं प्यालं होतं, भान नव्हतं" हे वाक्य आमच्याच बैठकीत, कांदा-बटाटा सोडलेल्या माणसांच्या तोंडून, कसं येतं? येतं, कारण आमच्या घरातली पोरं पितात आणि ते सगळ्यांना माहीत आहे. हळदीच्या रात्री मंगल कार्यालयाच्या मागे कुणाच्या गाडीच्या डिकीत काय असतं, ते मला सांगायला लावू नका. चोर्ला घाट उतरला की गोवा, शनिवारी जाऊन रविवारी परत. आई लिंबू पिळून पाणी देते, "पित्त झालंय" म्हणते आणि वडिलांपर्यंत जाऊ देत नाही. मुलगा पितो ते पित्त, मुलगी प्याली तर कुळाला बट्टा. या लिंबूपाण्यातूनच त्या मुलाला कळतं की त्याने काहीही केलं तरी निस्तरायला कुणीतरी आहे.

आता शिकवण्याचं. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५चे नियम केलेत, लैंगिक छळ रोखण्यासाठी. प्रत्येक उच्च शिक्षणसंस्थेत अंतर्गत तक्रार समिती हवी, विद्यार्थ्यांचं प्रतिनिधित्व हवं, जागृतीचे कार्यक्रम हवेत. कागदावर सगळं आहे. गेल्या वर्षी मला असाच एक कार्यक्रम बघायचा योग आला. कॉलेजचं नाव घेत नाही. सभागृहात चारशे मुली. व्यासपीठावर पाहुण्या, शाल, श्रीफळ, दीपप्रज्वलन. पाहुण्यांनी तासभर सांगितलं: पेला हातातून खाली ठेवू नका, उघडी बाटली घेऊ नका, रात्री बाहेर राहू नका, मोबाइलचं लोकेशन घरच्यांना द्या. खोटं काहीच नव्हतं. पण समितीत कोण आहेत, तक्रार कुणाकडे द्यायची, तेव्हा आपण प्यालेले असलो तर तक्रार घेतात की नाही, यावर एक अक्षर नाही. आणि मुलं? मुलांना त्या दिवशी सुट्टी होती. खिडकीतून मैदान दिसत होतं, क्रिकेट चाललं होतं. ज्यांनी ऐकायचं ते बाहेर आणि ज्यांना रोजच ऐकायला लागतं त्या आत. मुलींपैकी एकीने धीर करून विचारलं, "मॅडम, हे मुलांना कधी सांगणार?" सभागृहात टाळ्या पडल्या. पाहुण्या हसल्या आणि वेळ संपल्याचं निवेदिकेने जाहीर केलं.

तक्रारीचा मुद्दा लहान नाही. प्यालेल्या मुलीवर अत्याचार झाला तर तिला आधी भीती कशाची वाटते? वसतिगृहातून काढतील याची. घरी कळेल याची. म्हणून ती बोलत नाही, आणि ती बोलणार नाही हे त्याला ठाऊक असतं. अमेरिकेतल्या पुष्कळ विद्यापीठांनी म्हणूनच असा नियम केलाय की अत्याचाराची तक्रार घेऊन आलेल्या विद्यार्थ्यावर दारू प्याल्याबद्दल शिस्तभंगाची कारवाई होणार नाही. आमच्या वसतिगृहांचे नियम जितके कडक, तितका त्या मुलाला आडोसा मोठा. शिस्त शिस्त म्हणून जी भिंत आपण मुलीभोवती बांधतो, त्या भिंतीच्या सावलीत तो उभा असतो.

सध्या माझ्या टेबलावर एक कागद आहे. समाजाच्या मुलींच्या वसतिगृहासाठी काढायच्या सूचनापत्रकाचा मसुदा, मराठीचं शुद्धलेखन तपासायला म्हणून आलेला. अकरा सूचना आहेत, अकराही मुलींना. मी त्या खोडल्या नाहीत. पण दुसरा कागद घेऊन मुलांच्या वसतिगृहासाठी पत्रक लिहिलं. त्यात लिहिलं: जिला नीट चालता येत नाही, बोलता येत नाही, ती हो म्हणू शकत नाही, मग ती काहीही म्हणो. झोपलेली मुलगी हो म्हणू शकत नाही. कुणाचा पेला तिला न विचारता भरू नये. मित्र एखाद्या मुलीला खोलीकडे नेत असेल आणि तिचे पाय लटपटत असतील तर तुम्ही मध्ये पडा, तो रागावला तरी. तुम्ही प्यालेले असाल तरी जे कराल ते तुम्हीच केलेलं असेल. कायद्याचं २४वं कलम हेच सांगतं. आणि शेवटी तक्रार समितीतल्या लोकांची नावं नि फोन यासाठी रिकामी जागा सोडली.

चिटणीसांनी फोन केला. "वहिनी, मजकूर चांगला आहे, पण मुलांच्या वसतिगृहात असं लावायचं म्हणजे आपली मुलं तशी आहेत असं दिसतं." मी विचारलं, "मग मुलींच्या वसतिगृहात अकरा सूचना लावल्यावर आपल्या मुली कशा दिसतात?" ते म्हणाले, बैठकीत ठेवतो. दोन्ही पत्रकं एकत्र छापणार असाल तरच शुद्धलेखन तपासून देईन, असं मी त्यांना कळवलंय. बैठक अजून झालेली नाही, वसतिगृहं जूनमध्ये उघडतात.